सात वाजताची रीडिंग

सरांचा मला राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात, सर आता मेहकरात राहत नाहीत, त्यांचं घर भाड्यानं गेलं, तू कशाला अजून धुसफुसतोस? मी धुसफुसतो, कारण सरांनी माझ्याइतका छळ दुसऱ्या कुणाचा केलेला नाही. तो छळ चालू आहे हे मला कळायलाही त्यांनी दोन आठवडे लावले.

बारावीला ते आम्हाला केमिस्ट्री शिकवायचे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मला टायट्रेशन आलं. वरच्या काचेच्या नळीतून एकेक थेंब खालच्या चंबूत सोडायचा, रंग बदलला की त्याच थेंबाला थांबायचं, एवढंच काम. मी थांबलो, पण जरा पुढं जाऊन थांबलो. सरांनी माझा चंबू खिडकीशी धरून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले शेवटच्या थेंबाची एवढी घाई काऊन असते बे?" मार्कही त्याच हिशोबानं दिले. पुढं मी बी.एस्सी.चा नाद सोडला आणि बस स्टँडच्या रस्त्याला ठिबक अन् मोटरपंपाचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चाललं. त्यात सरांचे काही उपकार नाहीत.

रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? घरावर मजला चढवतात, चार धाम करतात, सकाळी फिरायला जाऊन गुडघ्यांबद्दल बोलतात. सरांनी समुद्र आणला. बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी, त्यात मुंबईहून ट्रान्सपोर्टनं पोत्यात आलेलं समुद्राचं मीठ विरघळवलेलं पाणी, आणि त्या पाण्यात जिवंत पोवळी. पोवळं म्हणजे आमच्याकडं अंगठीत घालायचं, तेही मंगळ वक्री असला तर. ते जिवंत असतं, हातपाय नसलेला प्राणी असतो, दिवसा मिटतो आणि उघडतो, हे पाहायला निम्मं मेहकर सरांच्या घरी येऊन गेलं. खोटं कशाला बोला, बरेचसे मे महिन्यातच यायचे. पाणी तापू नये म्हणून त्या खोलीत एसी होता, आणि पोवळ्यांबद्दल दोन प्रश्न विचारले की अर्धा तास गारव्यात बसता यायचं.

प्रश्नही काय एकेक! एकजण म्हणाला, "सर, कायले मुंबईहून मीठ मागवता? लोनार हाकेवर हाय. तथलं पाणी खारंच हाय ना." झालं. सरांनी त्या माणसाला खाली बसवलं आणि लोणारच्या तळ्यातला सोडा आणि समुद्रातलं मीठ यात काय फरक आहे ते तासभर समजावलं. तो बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. जाताना पत्रिका खिशातच घेऊन गेला.

आणि ज्या बाईच्या घरात हा समुद्र आला, तिच्या स्वयंपाकघरात टेबलफॅनसुद्धा धड नव्हता. काकू पोळ्यांची कणीक त्या टाकीसमोर बसून मळायच्या, तेवढाच गारवा. एकदा सर त्यांना शेगावला दर्शनाला घेऊन गेले. रांगेत दोन तास उभे राहिले, मंदिर दिसायला लागलं, तेवढ्यात सरांनी घड्याळ पाहिलं आणि रांगेतून बाहेर पडले. संध्याकाळचा डोस चुकला असता! काकूंनी एकट्यांनी दर्शन घेतलं, हे पहिल्या एसटीनं मेहकरला परतले. काकू मला हसत सांगायच्या. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही. पुढं काकू गेल्या. शेगावला एक रात्र मुक्काम करून सकाळची आरती पाहावी ही त्यांची साधी इच्छा राहिली ती राहिलीच.

हा डोस काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोवळं आपलं हाड पाण्यातूनच बांधतं. त्यासाठी ते पाण्यातला चुना आणि सोडा ओढून घेतं. समुद्राला काही कमी पडत नाही, सरांच्या टाकीला रोज कमी पडायचं. म्हणून एका बाटलीत चुन्याचं पाणी, एका बाटलीत सोड्याचं, आणि रोज सकाळी सोड्याचं, संध्याकाळी चुन्याचं मोजून माप टाकीत. कमी पडलं तर पोवळ्याची वाढ थांबते. जास्त झालं, किंवा दोन्ही एका वेळी एका जागी पडले, तर पाण्यातच चुना धरतो आणि पोवळं मरतं. किती घालायचं हे ठरवायला रोज संध्याकाळी सात वाजता पाण्याची रीडिंग. म्हणजे पुन्हा तेच टायट्रेशन, तोच चंबू. निळ्याचं पिवळं झालं की थांबा, जितके थेंब जास्त लागले तितका आकडा मोठा. आठच्या आसपास आकडा आला की सर जेवायला बसत.

अशी सहा वर्षं. सहा वर्षांत हा माणूस एकही रात्र मेहकरच्या बाहेर झोपला नाही.

त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. ती नाशिकला दिली आहे. शाळेत माझ्या बरीच मागं होती, मला दादा म्हणते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा दुकानात फोन आला. दिवस भरत आले होते. म्हणाली, "दादा, आई असती तर पहिल्या बाळंतपणाला मी मेहकरलाच आले असते. आता बाबांनी तरी इथं यावं. सासरचे सगळे चांगले आहेत हो, पण दवाखान्याच्या दाराबाहेर माझं माणूस पाहिजे मला. बाबा म्हणतात, पाण्याचं काय करू?"

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तडक सरांकडं गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "सर, काकूले तुमी रांगेत सोडलं. आता पोरीलेबी सोडता का? त्या दगडापायी?"

सर शांतपणे चष्मा पुसत होते. म्हणाले, "दगड नाही ते. अन् मी नाही म्हणलो का? पंधरा दिवस कोण पाहीन ते सांग."

"मशीन पाहीन," मी म्हणालो. डोसिंग पंप माझ्या रोजच्या धंद्यातली वस्तू. ठिबकमधून खत सोडायला आम्ही तेच लावतो. दुसऱ्या दिवशी दुकानातला एक उचलून त्यांच्यापुढं ठेवला. सरांनी त्यावरची पट्टी वाचली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी परत बारावीत गेलो. "हा वावर पाजते बे. मले दिवसाले दोन चमचे पाह्यजेत."

मग सुरू झाली पंपाची निवड. मुलीचे दिवस भरत चाललेत आणि बाप पंप निवडतोय! एक ऑनलाइन मागवला, इवलासा. लाईन, म्हणजे वीज, गेली की तो घड्याळच विसरायचा आणि लाईन आली की रात्रीचे बारा वाजलेत असं समजून नव्यानं सुरुवात करायचा. तो परत. दुसरा मोबाईलवर चालणारा. सर म्हणाले, "इथं लाईन राहत नाही, नेट कुठून राहीन?" तोही परत. तिसरा आला तो त्यांना पटला. त्याला स्वतःची बटणं होती, आणि आत घड्याळाचा सेल होता, म्हणजे लाईन गेली तरी वेळ लक्षात राहायची. आत प्रत्येक बाटलीसाठी एक लहानसं चाक. ते मऊ नळीला दाबत फिरायचं आणि थेंब पुढं सरकायचा. सर खूश होऊन म्हणाले, "गाईचं सड पिळतेत तसं."

आता लावून मोकळं व्हावं ना? नाही. एक मिनिट पंप चालवायचा, खाली मोजपात्र धरायचं, किती आलं ते पंपाला सांगायचं, की पंप आपलं माप सुधारतो. कंपनीच्या कागदावर लिहिलंय, एकदा करा. सरांनी एकवीस वेळा केलं. मी शेजारी बसून मिनिटं मोजत होतो. सोड्याची नळी टाकीच्या एका टोकाला, चुन्याची दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींची तोंडं पाण्याच्या वर, नाहीतर पंप थांबल्यावर नळी उलटं पाणी ओढते. हे मला शिकवायची गरज नव्हती, विहिरीवर जन्म गेलाय. तरी चार वेळा शिकवलं. सोडा सकाळच्या वेळांना, चुना संध्याकाळच्या. त्या दोघांबद्दल सर वर्गात म्हणायचे तेच पुन्हा म्हणाले, "भांडखोर भाऊ हायेत, एका वावरात आनू नको."

मी म्हणालो, पंप इन्व्हर्टरवर टाकू. तर त्यावर वेगळंच शास्त्र. इन्व्हर्टर आधीच जुना, त्यावर फक्त पाणी ढवळणाऱ्या मोटरी. "इन्व्हर्टरवर श्वास. जेवन लाईन आल्यावर," सर म्हणाले. आणि लाईन नसताना डोसाची वेळ निघून गेली तर? "गेली तर गेली. एका डोसानं कोनी मरत नाही. सात वाजता रीडिंग घे, मले सांग, मग मी ठरवतो. तू भरून काढू नको." हे त्यांनी अकरा पानांच्या सूचनांमध्ये लाल शाईनं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि एसटीत बसले. मुलीला नववा चालू होता.

आता मी जे केलं ते कुठल्याही इथल्या माणसानं केलं असतं. आमच्याकडं शेतात लाईन कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक मोटरला ऑटो असतो. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. पाण्याची पाळी बुडाली तर लाईन आल्यावर ती भरून काढायची, ही आमची रीत. माझ्या हातानं मी शेकडो ऑटो बसवलेत. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या डोसाला लाईन गेली, आणि ते रिकामं गेलेलं जेवण काही माझ्यानं पाहवेना. मी दुकानातून एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आणला आणि पंपाच्या बटणाला जोडला. लाईन आली की एक डोस आपोआप. झकास चाललं. मला वाटलं, एकवीस वेळा मोजपात्र धरणाऱ्या माणसाला जे सुचलं नाही ते मला दहा मिनिटांत सुचलं.

रोज सात वाजता सरांचा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "रीडिंग?" मी चंबू घेऊन बसलेलोच असायचो. पहिल्या दिवशी आठ पॉईंट सात सांगितली. "पुढं गेला तू. दोन थेंब कमी कर." दुसऱ्या दिवशी नऊ. "बे, झोपला होता का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा आठ पॉईंट सहा. मुलगी दवाखान्याच्या चकरा मारते आहे आणि हा माणूस फोनवर माझे थेंब मोजतोय! मी तोंडावर म्हणालो, "सर, पोरीची तब्येत तर सांगा." ते म्हणाले, "चांगली हाय. तुझा हात खराब हाय."

पाचव्या दिवशी मी हिवरा आश्रमाच्या बाजूला एका वावरात ठिबकचा संच बसवायला गेलो होतो. दुपारी वावधान सुटलं. पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, तारा एकमेकींना भिडल्या. लाईन जाई, येई, मिनिटभर राही, पुन्हा जाई. त्या शेतकऱ्याच्या मोटरीचा ऑटो खाडखाड वाजत होता, आणि तो आवाज ऐकताना मला सरांच्या पंपाला जोडलेला माझा रिले आठवला. मोटरसायकल कशी आणली ते मला आठवत नाही.

सरांचं दार उघडलं तर टाकी पांढरी. ताक ओतावं तसं पाणी. लाईन जितक्या वेळा आली तितक्या वेळा माझ्या रिलेनं दोन्ही बाटल्यांतून डोस सोडला होता. सोड्याची बाटली रिकामी. पोवळी आत कुठं आहेत तेही दिसत नव्हतं. ड्रममध्ये जे खारं पाणी तयार होतं ते सगळं बदललं, हात कोपरापर्यंत चुन्यानं माखले, आणि टाकीपुढं फतकल मारून बसलो. सूचनांच्या कागदावरची लाल रेघ समोरच होती.

सात वाजले. फोन वाजला.

"रीडिंग?"

मागं कुणीतरी नर्सला हाक मारत होतं. मी विचारलं, "सर, कुठं हाय तुमी?"

"दवाखान्यात. सकाळीच भरती केलं तिले. रीडिंग सांग."

खरं सांगितलं तर हा माणूस पहिली एसटी पकडणार, याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. काकूंना रांगेत सोडून आलेला माणूस. प्रज्ञा आत, आणि हे निघाले की बाहेर तिचं कुणी नाही. मी चंबूला हातही न लावता म्हणालो, "आठ पॉईंट दोन."

सरांनी माझा आकडा एकदा स्वतःशी म्हटला. मग म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

पहाटे मुलगी झाली. प्रज्ञाच्या नवऱ्यानं कळवलं. त्या संध्याकाळी पुन्हा सात वाजता, "रीडिंग?" मी, "आठ पॉईंट दोन." पुढच्या दिवशी, "आठ पॉईंट तीन." एकदा खोटं बोललं की ते रोज बोलावं लागतं, आणि तेही आकड्यांत! इकडं पाणी निवळलं होतं, पण पोवळ्यांच्या अंगावरचं मांस सुटून पाण्यात तरंगायला लागलं, आणि खाली नुसती पांढरी हाडं उरली. मी रोज ते मांस गाळून काढायचो, रोज मीठ कालवायचो, आणि रोज सातला पोवळी सुखरूप असल्याचं सांगायचो. मनातून सरांना शिव्या घालायचो. बारसं झालं तरी हा माणूस विचारतोच आहे. नातीचं नाव काय ठेवलं ते सांगायचं सोडून रीडिंग विचारतोय. असला कसला माणूस!

बारशाच्या दुसऱ्या दिवशी ते आले. मी त्यांच्या घरीच होतो, पायऱ्यांवर. काय बोलायचं ते चार वेळा मनात म्हणून ठेवलं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टाकीजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलं. बराच वेळ. मग पंपाच्या मागं हात घालून माझा रिले ओढून काढला आणि तळहातावर घेऊन पाहिला.

"किती वेळा आली लाईन?"

"तेरा-चौदा वेळा असन, सर." मी पाठ केलेलं सोडून दिलं. "सर, पाचव्या दिवशीच झालं. मी खोटं बोललो. तुमी निघून याल म्हनून..."

"माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"त्याच दिवशी समजलं." ते खुर्चीत बसले. "बारावीपासून तुले शेवटचा थेंब सापडला नाही. चार दिवस रोज पुढं गेला. अन् पाचव्या दिवशी एकदम आठ पॉईंट दोन? त्यानंतर रोज बरोबर?" त्यांनी मान हलवली. "माह्याकडूनबी रोज येत नाही तसं."

मला आधी लाज वाटली, आणि लगेच त्याच्या दुप्पट संताप आला. "म्हंजे तुमाले माहीत होतं? तरी रोज सात वाजता फोन करून माह्याकडून खोटं बोलून घेतलं? काऊन सर? एक दिवस नसता केला फोन!"

"फोन नसता केला तर मले समजलं हे तुले समजलं असतं. मग तू खरं बोलला असता." सर रिलेकडं पाहत होते. "तू खरं बोलला असता तर मले निघावं लागलं असतं. मले नव्हतं निघायचं."

सहा वर्षं ज्याला मी निर्दय म्हणत आलो त्यानं सगळी पोवळी मेल्याचं पहिल्याच संध्याकाळी ओळखलं होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्यानं. आणि तिथंच थांबला होता. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर माझी जवळजवळ दोन आठवड्यांची झोप वाचली असती. तेवढं त्यांना करवलं नाही. याच गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि काकूंसाठी तो दुप्पट येतो, कारण रांगेत थांबणंही त्यांना जमण्यासारखं होतं हे आता मला माहीत आहे. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "हाव. तेच डोक्यात होतं तथी उभं राहून."

मग उठले, कपाटातून चंबू आणि काचेची नळी काढली, टाकीतलं पाणी मोजून घेतलं, त्यात निळा रंग टाकला आणि माझ्यापुढं ठेवलं.

"घे रीडिंग."

"आता कायले, सर? आत काही उरलं नाही."

"घे म्हनतो ना."

मी नळीखाली चंबू धरला. थेंब, थेंब, थेंब. निळं होतं, निळं होतं, आणि एकदम ढळढळीत पिवळं. सरांनी चंबू उचलून खिडकीच्या उजेडात धरला, अगदी त्या परीक्षेतल्यासारखा.

"दोन थेंब पुढं गेला," ते म्हणाले. इतक्या समाधानानं त्यांनी माझी चूक कधीच काढली नव्हती. मग त्यांनी नाशिकला सोबत नेलेली रीडिंगची वही पिशवीतून काढली, पाचव्या दिवसापासून स्वतःच रिकाम्या सोडलेल्या ओळी ओलांडून त्या दिवशीच्या तारखेपुढं माझा आकडा लिहिला, आणि मला नातीचं नाव सांगितलं.